आधी अँपिअर, मग रंग

यंदा गणपतीच्या मखराची रोषणाई घरीच करायची म्हणून ज्यांनी रंग बदलणारी एलईडी पट्टी आणि एखादा आर्डुइनो किंवा ईएसपी३२ बोर्ड आणला आहे, किंवा जे तो आणायला तपकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर निघाले आहेत, त्यांच्याशी थोडं बोलायचं आहे. हे काम जरूर करा. आठवी-नववीतल्या मुलामुलींना सोबत घेऊन करा. विनंती एवढीच, की प्रोग्रॅमला हात लावण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि विजेचा हिशेब मांडा. व्हिडिओत इंद्रधनुष्य पळताना दिसतं, त्यामागचा पॉवर सप्लाय टेबलाखाली असतो. तो कोणी दाखवत नाही.

आधी आपल्या हातात कोणती पट्टी आहे ते ओळखा. चार तारांची १२ व्होल्टची पट्टी असेल, तर ती सगळी एका वेळी एकाच रंगाची होते. ती थेट बोर्डाच्या पिनला जोडता येत नाही, मध्ये मॉस्फेट लागतात, कारण आर्डुइनो उनोच्या पिनमधून २० मिलिअँपिअरच्या वर मागू नये. तीन तारांची ५ व्होल्टची, दुकानात ‘पिक्सेल’ म्हणून मिळते ती पट्टी वेगळी. तिच्या प्रत्येक दिव्यात स्वतःची चिप असते. डब्ल्यूएस२८१२बी हे त्यातलं सर्वांत रुळलेलं नाव. पुढचं सगळं या पट्टीबद्दल आहे.

आता हिशेब. एका दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी, प्रत्येकाला कमाल २० मिलिअँपिअर. म्हणजे पूर्ण पांढऱ्या उजेडाला दिव्यामागे ६०. मीटरला ६० दिवे असलेली पट्टी मखराच्या तीन बाजूंना अडीच मीटर लागली, तर दिवे झाले १५० आणि करंट ९ अँपिअर. पाच मीटरचं पूर्ण रीळ लावलं तर ३०० दिवे, १८ अँपिअर, ९० वॅट. प्रत्यक्षात बऱ्याच पट्ट्या यापेक्षा कमी ओढतात हे खरं, पण हिशेब ६०नेच करा. चूक झाली तर ती सुरक्षित बाजूला होते. याच्यासमोर लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टचे ५०० मिलिअँपिअर किंवा मोबाइलच्या चार्जरचे दोन अँपिअर ठेवून पाहा. म्हणूनच पट्टीची वीज बोर्डातून घेऊ नका. सप्लायच्या तारा थेट पट्टीला जाऊ द्या आणि त्याच सप्लायची दुसरी जोडी बोर्डाला.

‘पाच व्होल्टला काय होतंय?’ हे वाक्य मला फार भीतीचं वाटतं. पाच व्होल्टला झटका बसत नाही, हे बरोबर. पण ४० अँपिअरचा सप्लाय शॉर्ट झालेल्या बारीक तारेत २०० वॅटपर्यंत ओतू शकतो. तेवढ्यात तारेवरचं प्लास्टिक वितळतं आणि शेजारी मखराचा पडदा असतो. उपाय स्वस्त आहे. सप्लायच्या प्लस तारेत मोटारीत असतो तसला ब्लेड फ्यूज घाला, पाच किंवा साडेसात अँपिअरचा (वरच्या नऊ अँपिअरला लगाम कसा घालायचा ते पुढे येतंच). आणि गरजेपेक्षा पाचपट मोठा सप्लाय घेऊन ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणू नका.

पट्टी लांब असेल तर आणखी एक गंमत दिसते. सुरुवातीला पांढरा असलेला उजेड टोकाकडे पिवळट, मग तांबूस होत जातो. दिवे खराब नसतात. पट्टीवरचं तांब्याचं पातळ अस्तर वाटेत व्होल्ट खातं. लाल एलईडीचं दोनेक व्होल्टमध्ये भागतं, निळ्याला आणि हिरव्याला तीनच्या आसपास लागतात, त्यामुळे आधी तेच मंदावतात. (हा निळा एलईडी जमायला जगाला बरीच वर्षं लागली. तो जमवणाऱ्या आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.) अशा वेळी सप्लाय मोठा करून फायदा नाही. प्लस आणि मायनसच्या जाड तारा पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही नेऊन जोडा, पाच मीटरला मध्येही एकदा. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या आणि सप्लाय मखराजवळच ठेवा.

जोडणीत रंगांवर विसंबू नका. घरच्या वायरिंगमध्ये हिरवी म्हणजे अर्थिंग. या पट्टीत हिरवी बहुधा डेटाची असते आणि पांढरी ग्राउंडची. पट्टीवर छापलेली अक्षरं वाचा, बाणही पाहा. डेटा बाणाच्या दिशेनेच जातो, उलट बाजूने जोडलं तर एकही दिवा हुकूम ऐकणार नाही. बोर्डाचा ग्राउंड आणि सप्लायचा मायनस एकमेकांना जोडलेले हवेतच. वेड्यासारख्या लुकलुकणाऱ्या पट्टीचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं. डेटाच्या तारेत पहिल्या दिव्यापाशी ३३० किंवा ४७० ओहमचा रेझिस्टर आणि सप्लायच्या दोन तारांमध्ये १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. कपॅसिटरची पट्टा असलेली बाजू मायनसला, उलटा लावलात तर तो फुटतो. क्लिपचे कनेक्टर दोन दिवसांत सैल होतात, तेव्हा सांध्याला सोल्डरचा डागच द्या.

ईएसपी३२ वाल्यांसाठी खास सूचना. हा बोर्ड ३.३ व्होल्टचा सिग्नल देतो, आणि ५ व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बीला कागदोपत्री किमान साडेतीन हवे असतात. टेबलावर तरीही चालतं, म्हणून लोक पुढे जातात. मग तार दोन मीटर लांबली की नेमकं आरतीच्या वेळी रंग भलतेच नाचायला लागतात. मध्ये ७४एएचसीटी१२५ ही छोटी चिप घाला. दुकानदार ७४एचसी१२५ देऊन ‘तेच आहे, चालतंय’ म्हणेल. ते तेच नाही. त्या चिपलाही ५ व्होल्टवर साडेतीनच लागतात. नावातला ‘टी’ पाहून घ्या.

आता प्रोग्रॅम. बोर्ड पहिल्या दिव्याला सगळ्यांचे रंग एका ओळीत पाठवतो. पहिला दिवा प्रसादाच्या ताटातून आपला वाटा उचलावा तसे पहिले २४ बिट स्वतःकडे ठेवतो आणि उरलेलं पुढे देतो. दिव्यामागे ३० मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद; डोळ्याला ते कळतही नाही. हे सगळं हाताने लिहायची गरज नाही, फास्टएलईडी ही तयार लायब्ररी आहे. उनोची मेमरी २ किलोबाइट आणि एका दिव्याला ३ बाइट, तेव्हा त्यावर चारपाचशेच्या वर दिव्यांचा हट्ट धरू नका. लाल मागितला आणि हिरवा आला तर पट्टी बदलायला धावू नका. रंगांचा क्रम ‘जीआरबी’ करा. ज्यांना प्रोग्रॅम लिहायचाच नाही त्यांनी ईएसपी३२वर डब्ल्यूएलईडी टाकावं, मोबाइलवरून सगळं बदलता येतं.

दोन्हीकडे करंटला लगाम घालायची सोय आहे आणि माझा सगळा जोर त्या एका ओळीवर आहे. फास्टएलईडीत व्होल्ट आणि मिलिअँपिअरची कमाल सांगायची, डब्ल्यूएलईडीत तोच आकडा सेटिंगमध्ये भरायचा. आपल्या १५० दिव्यांना ५ अँपिअरचा सप्लाय घ्या आणि मर्यादा ४००० मिलिअँपिअर ठेवा. मग नातवाने पूर्ण पांढरा रंग लावला तरी पट्टी आपोआप मंद होईल. तसंही ब्राइटनेस २५५ पैकी ६० ठेवला तर डोळ्याला तो चौथाई वाटत नाही, पुष्कळ वाटतो. आणि चाल सावकाश ठेवा. मूर्तीवर सेकंदाला दहा वेळा लखलखणारी आरास कोणाला आवडते, मला तरी उमगलेलं नाही.

२३० व्होल्टच्या बाजूला मात्र हौस नको. उघड्या स्क्रूंचा जाळीदार सप्लाय घरात लहान मुलं असताना तसाच ठेवू नका. बंदिस्त ॲडॅप्टर घ्या किंवा जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून हवा खेळेल अशा पेटीत बसवून, अर्थिंग जोडून घ्या. समई, निरांजन, कापूर यांच्यापासून तारा हातभर दूर. रिळावर गुंडाळलेली पट्टी पूर्ण उजेडावर तासभर तपासत बसू नका, आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडत नाही.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना वेगळं सांगायचं तर महावितरणची तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका. मांडवाच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, कारण भाद्रपदातला पाऊस कमानीवरच पडतो. बाहेरच्या पट्ट्या सिलिकॉनच्या नळीतल्या, आयपी६७ दर्जाच्या घ्या आणि त्यांची कापलेली टोकं सिलिकॉनने बंद करा.

विसर्जनानंतर पट्टी घडी न घालता सैल गुंडाळून ठेवा, दिवाळीत आकाशकंदिलात जाईल. ॲडॅप्टरवर मात्र जाड मार्करने ‘५ व्होल्ट, मखर’ असं आजच लिहा. १२ व्होल्टच्या ॲडॅप्टरची पिन अगदी तशीच असते, आणि ती चुकून लागली तर सगळी पट्टी एका क्षणात जाते.