गाडी कोण चालवणार आहे?

२९ सप्टेंबर २०१६. सकाळी पावणेनऊच्या सुमारास स्प्रिंग व्हॅलीहून निघालेली लोकल जर्सी सिटीच्या पोटातला बर्गन बोगदा पार करून होबोकेनच्या स्थानकात शिरली. हे टर्मिनस आहे, रूळ इथेच संपतात, त्यामुळे वेगमर्यादा ताशी १० मैल. गाडीचा वेग ८ मैलांवर आलाही होता. मग तो अचानक वाढून २१वर गेला आणि गाडी शेवटचा अडसर तोडून थेट लोकांच्या गर्दीत घुसली. एक महिला मरण पावली, शंभराहून अधिक माणसे जखमी झाली.

चालकाने दारू घेतली नव्हती, मोबाइलवर तो नव्हता. भोंगा वाजवल्याचे त्याला आठवत होते. त्यानंतरची आठवण एकदम केबिनमध्ये खाली पडल्याची. अपघातानंतर झोपेची तपासणी केली तेव्हा तीव्र स्वरूपाचा स्लीप अ‍ॅप्निया निघाला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्याची नेमाची वैद्यकीय तपासणी होऊन तो कामाला योग्य ठरला होता. धोक्याच्या खुणा असूनही झोपेच्या तपासणीसाठी त्याला कोणी पाठवले नव्हते.

एनटीएसबी या केंद्रीय तपास यंत्रणेच्या अहवालातली ही जुलैची नोंद मला सर्वांत जास्त टोचते. रूळ, सिग्नल, ब्रेक यांचे काय करायचे ते अभियंते पाहतील. पण तपासणीच्या टेबलावर एक माणूस बसला होता आणि समोर आपल्यापैकीच कोणीतरी होते. ‘रात्री घोरता का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का?’ हे विचारून उत्तराच्या मागे लागायला फार वेळ लागत नाही. मधुमेही रुग्णाला आपण पायाची बोटे दाखवायला सांगतो, तितक्याच सवयीने गाडीविषयी विचारायला हवे. आपण विचारत नाही, आणि या अंकात मला त्याविषयीच बोलायचे आहे.

दारूची गोष्ट निराळी, कारण तिला आकडा आहे. न्यू जर्सीत रक्तातले प्रमाण ०.०८ टक्के झाले की गुन्हा. व्यावसायिक वाहन असेल तर ०.०४, एकविसाच्या आतल्यांना ०.०१. महाराष्ट्रात मोटार वाहन कायद्याच्या १८५व्या कलमाने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३, ही मर्यादा. तरीही रुग्णाकडून दारूचा हिशेब घेताना आपण फसतो. ‘वीकेंडला दोन पेग’ हे उत्तर आपण ‘दोन ड्रिंक्स’ असे लिहून घेतो. आपल्याकडचा मोठा पेग ६० मिलिलिटरचा. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचे असे दोन म्हणजे सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल. अमेरिकी प्रमाणित ड्रिंक १४ ग्रॅमचे असते. म्हणजे लिहिले दोन, पोटात गेली जवळजवळ तीन, आणि घरच्या पार्टीत पेग मोजतो कोण? शरीर तासाला साधारण ०.०१५ या गतीने दारू उतरवते. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ही गती वाढत नाही. रात्री एकला ग्लास खाली ठेवणारा माणूस सकाळी सातला टर्नपाइकवर असेल, तर त्याच्या रक्तात काय उरलेले असेल याचा हिशेब त्याच्याबरोबर बसून करायला हवा.

जागरणाला मात्र पोलिसांच्या नळीत आकडा उमटत नाही. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सतरा तास सलग जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळे ०.०५ टक्के दारू घेतल्यासारखे चालतात आणि चोवीस तासांनंतर ०.१०सारखे. त्याच वर्षी न्यू जर्सीत मॅगी मॅक्डॉनेल ही वीस वर्षांची मुलगी मरण पावली. समोरून येणारा चालक तीस तास झोपला नव्हता. झोप न घेता गाडी चालवणे हा तेव्हा गुन्हाच नसल्याने त्याला अखेर २०० डॉलर दंड झाला. तिची आई लढली आणि २००३मध्ये ‘मॅगीज लॉ’ झाला. असा कायदा करणारे न्यू जर्सी हे देशातले पहिले राज्य. पण या कायद्याची रेघ चोवीस तासांवर आहे. अठरा किंवा वीस तास जागलेला चालक तिच्या अलीकडेच राहतो. २०१४मध्ये क्रॅनबरीजवळ टर्नपाइकवर विनोदी अभिनेते ट्रेसी मॉर्गन यांच्या व्हॅनला ज्या ट्रकने ठोकरले, त्याचा चालक २८ तास जागा होता. ती बातमी झाली. न्यूपोर्टमधल्या उंच इमारतीत राहणारा आपला रुग्ण रात्री साडेअकरापर्यंत पुण्याच्या टीमशी कॉलवर असतो, पहाटे पाचला उठतो आणि सातला प्रिन्स्टनच्या ऑफिसला गाडीने निघतो. त्याची बातमी होत नाही. तो आपल्याकडे डोकेदुखी घेऊन येतो आणि आपण त्याला रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलीन लिहून देतो.

इथे थोडे आपल्या घरातले. २००५मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या इंटर्न डॉक्टरांच्या अभ्यासात, लांबलचक ड्यूटी करून घरी निघालेल्यांच्या अपघाताची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. आपण सगळेच त्या ड्यूट्या करून गाडी हाकत घरी गेलो आहोत आणि त्याचा थोडा अभिमानही बाळगतो. जागरणाबद्दल रुग्णाला विचारायला आपली जीभ रेटत नाही, त्याचे एक कारण मला यात दिसते.

आता औषधे. बाटलीवर फार्मासिस्ट छोटी रंगीत पट्टी चिकटवतो: झोप येऊ शकते, दारूने परिणाम वाढू शकतो, गाडी चालवताना काळजी घ्या. काळजी घ्या म्हणजे नेमके काय करा? रुग्ण त्याचा अर्थ असा लावतो, की झोप आल्यासारखी वाटली तर गाडी चालवायची नाही. आयोवाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर वाइलर आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये हीच समजूत खोडून काढली. ५० मिलिग्रॅम डायफेनहायड्रामीन घेतलेल्यांची गाडी ०.१ टक्क्याच्या आसपास दारू घेतलेल्यांपेक्षाही वाईट चालली, आणि माणसाला स्वतःला किती झोप आल्यासारखी वाटते यावरून त्याची गाडी किती बिघडेल याचा अंदाज बांधता येईना. फेक्सोफेनाडीन घेतलेले मात्र ठीक होते. म्हणजे ‘मला काही होत नाही हो’ हा रुग्णाचा निर्वाळा मानू नये, आणि शक्य तिथे औषधच बदलावे. झोल्पिडेमच्या बाबतीत एफडीएने २०१३मध्ये स्त्रियांसाठीचा डोस १०वरून ५ मिलिग्रॅमवर आणला, तोही सकाळी गाडी चालवताना औषध रक्तात उरते म्हणूनच.

आपल्या लोकांचे औषध फक्त इथल्या दुकानातून येत नाही. न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या इंडिया स्क्वेअरमध्ये किराणा घ्यायला आलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाच्या कपाटात डोकावले, तर मुंबईहून आलेली एक झिपलॉकची पिशवी सापडेल. तिच्यात अर्धवट कापलेल्या पट्ट्या असतात, कधी कधी नाव असलेला तुकडाच गेलेला असतो. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामीन. चक्करेसाठी सिनारिझिन, ते अमेरिकेत विकलेच जात नाही, त्यामुळे इथल्या संगणकावरच्या औषधांच्या यादीत ते दिसतही नाही. आणि ‘नसांची गोळी’. मिथाइलकोबालामिनबरोबर प्रिगॅबालिन असलेली ही गोळी लोक व्हिटॅमिन म्हणून घेतात, ‘काही औषध चालू आहे का’ या प्रश्नाला नाही म्हणतात आणि खोटेही बोलत नसतात. म्हणून पिशवीच घेऊन या, असे सांगावे आणि ती टेबलावर रिकामी करावी.

ग्लिमेपिराइड घेणाऱ्या रुग्णाला संकष्टीबद्दल कोण विचारते? सकाळी गोळी, दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाणे, जेवण चंद्रोदयानंतर. आणि जूनमध्ये इथे चंद्र उगवायला रात्रीचे दहा वाजून जातात. संध्याकाळी सहाला तो टोनेल अव्हेन्यूच्या ट्रॅफिकमध्ये असतो. साखर उतरताना घाम फुटतो, चिडचिड होते, समोरचा सिग्नल दिसतो पण त्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. पोलीस अशा माणसाला अनेकदा प्यायलेला समजतात. उपवास सोडा, असे फर्मान काढून उपयोग नाही, कारण तो सोडणार नाही. त्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे हे त्याच्याशी आधी ठरवायचे, गाडीत ग्लुकोज ठेवायला लावायचे, आणि त्या संध्याकाळी पाथ ट्रेनने जा असे सांगायचे. जर्सी सिटीत हे सांगता येते. एडिसनच्या पलीकडे राहणाऱ्याला नाही.

भावनांविषयी आपण सर्वांत कमी बोलतो. अमेरिकेतल्या साडेतीन हजारांहून अधिक चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. रागात, रडत किंवा उघड अस्वस्थ अवस्थेत गाडी चालवताना अपघाताचा धोका सुमारे दहापटीने वाढलेला दिसला. आपल्या समाजात ही वेळ ठरलेली आहे. पहाटे तीनला घरून फोन येतो, बाबा गेले. पुढच्या चार तासांत तिकीट, पासपोर्ट, ऑफिसला मेल, आणि मग तो स्वतःच गाडी काढून जेएफकेकडे निघतो, कारण एवढ्या पहाटे कोणाला उठवायचे? जागरण, धक्का, कधी रात्री जेवताना घेतलेली व्हिस्की आणि ‘थोडे शांत वाटेल’ म्हणून बायकोने पर्समधून काढून दिलेली अल्प्राझोलमची अर्धी गोळी. यातली एकही गोष्ट कदाचित कायद्याची रेघ ओलांडणार नाही. चारही मिळून त्या माणसाला स्टेअरिंगमागे बसण्याच्या लायकीचे ठेवत नाहीत. आपण मात्र त्यांची बेरीज कधी करत नाही, कारण आपल्या कागदावर दारूचा रकाना एकीकडे, औषधांचा दुसरीकडे, झोपेचा तिसऱ्या पानावर आणि दुःखाचा रकानाच नसतो.

या दुःखात आपलाही हात असतो. बायोप्सीचा अहवाल आपण फोनवर सांगतो आणि ब्लूटूथमुळे पलीकडचा माणूस तो टर्नपाइकवर ऐकतो. ‘तुम्ही आत्ता गाडीत आहात का?’ हे फोनवरचे पहिले वाक्य असले पाहिजे. हो म्हणाला, तर घरी पोहोचल्यावर फोन करा म्हणून ठेवून द्यावा.

हरकत येईल ती रोजीरोटीची. उबर चालवणाऱ्याला ‘गाडी चालवू नका’ हे सांगणे सोपे, त्याचे भाडे आपण भरत नाही. अपस्माराचे किंवा शुद्ध हरपण्याचे झटके उपचार करूनही पुन्हा पुन्हा येत असतील, तर न्यू जर्सीत डॉक्टरने चोवीस तासांत मोटार वाहन आयोगाला कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे पर्याय नाही. पण बहुतेक रुग्णांच्या बाबतीत बंदीची गरजच पडत नाही. गोळीची वेळ बदलता येते, सेटिरिझिनऐवजी फेक्सोफेनाडीन देता येते, नवे औषध सुट्टीच्या आदल्या रात्री सुरू करता येते. डॉक्टरची चिठ्ठी होती म्हणून औषधाच्या अमलाखाली गाडी चालवणाऱ्याला न्यू जर्सीचा कायदा सोडत नाही, हेही त्याला आपणच सांगायला हवे. चिठ्ठी आपल्या सहीची असते.

फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर त्रिकोणातल्या मोटारीचे चित्र छापतात: पिवळे म्हणजे जपून, केशरी म्हणजे आधी डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा, लाल म्हणजे गाडी नाही. इथे तसा नियम व्हायची वाट पाहायचे कारण नाही. फार्मासिस्ट मित्रहो, गुळगुळीत पट्टीच्या खाली पेनाने मराठीत लिहा: ‘ही गोळी रात्री नऊला घ्या, सकाळी आठपर्यंत गाडी नाही, यावर दारू नाही.’ डॉक्टर मित्रहो, पुढच्या चिठ्ठीवर सही करण्याआधी विचारा: रोज गाडी कोण चालवते, किती वाजता निघता, काल किती झोपलात? या महिन्यात हे प्रश्न विचारून पाहा आणि रुग्णाचे नाव वगळून उत्तरे आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकाची पाने त्यांसाठी राखून ठेवली आहेत.