पायरीपायरीने चढणारे पाणी

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुणेकरांच्या हाती अवघे काही तास होते, आणि तेही बहुतेकांना कळले नाहीत. कृष्णाकाठच्या माणसाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. सांगलीत नदी घरात शिरण्याआधी दोन-दोन, तीन-तीन दिवस आपण येत असल्याचे सांगत असते. घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडतात, आयर्विन पुलापाशी मोजपट्टीवरचे आकडे एकामागून एक दिसेनासे होतात, आणि सकाळी 38 फुटांवर असलेले पाणी दिवेलागणीला 40 वर गेल्याचे दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सर्वांच्या तोंडी होते. इतकी पूर्वसूचना मिळूनही ऑगस्ट 2019 मध्ये हजारो कुटुंबे माडीवर आणि गच्चीवर अडकून पडली. हे कसे घडले, हा साधा प्रश्न धरणांच्या दरवाजांवरील वादात जवळजवळ हरवला आहे.

कराडच्या खाली कृष्णा सपाटीला लागते आणि वळणे घेत संथपणे वाहू लागते. सांगली ओलांडताच हरिपूर येथे तिला वारणा मिळते, आणि पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. कोयना, चांदोली आणि राधानगरीच्या पाणलोटात एकाच आठवड्यात पाऊस कोसळला की तिन्ही नद्या एकाच वेळी भरतात. खालचे पाणी वरच्या पाण्याला पुढे सरकू देत नाही आणि नदी मागे फुगत जाते. काठावरील लोक यालाच फुगवटा म्हणतात. फुगवट्याच्या पाण्याला आवाज नसतो. ते नाल्यांतून आणि गटारांतून उलट्या दिशेने वस्तीत येते. पुढचे अंगण कोरडे असताना मागच्या मोरीतून पाणी वर येऊ लागते, आणि नदीकडे डोळे लावून बसलेल्या घराला नदी पाठीमागून गाठते.

अशा पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या शेजार केलेल्या माणसाच्या मनात भीतीइतकीच सवयही असते. नरसोबाच्या वाडीला पाणी देवळात शिरून पादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते तेव्हा तो दक्षिणद्वार सोहळा मानला जातो, आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी गावोगावचे लोक धावत येतात. नदी दाराशी आली की तिची ओटी भरावी, ही येथील रीत आहे. या रीतीला अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. दरवर्षी येणाऱ्या पाहुण्याचे स्वागत केल्याशिवाय त्याच्या शेजारी राहता येत नाही. अडचण एवढीच की, पाहुणा कोठपर्यंत येणार हे माणूस मागच्या अनुभवावरून ठरवतो. सांगलीत 2005 च्या महापुराची खूण अनेकांनी भिंतीवर जपून ठेवली होती. 2019 मध्ये त्याच खुणेच्या वर धान्याची पोती, मुलांची पुस्तके आणि घराची कागदपत्रे रचून लोक निश्चिंत राहिले. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले. 2005 च्या पातळीपेक्षा तीन फुटांहून अधिक. अनुभव खोटा नव्हता, पण तो तीन फूट तोकडा पडला.

‘लोक सांगूनही बाहेर पडत नाहीत’ ही अधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु घर सोडणाऱ्याला काय काय सोडावे लागते, याचा हिशेब ती तक्रार करणारे सहसा मांडत नाहीत. गोठ्यात दोन म्हशी असलेल्या शेतकऱ्याला निवारा म्हणून शाळेची खोली दाखविली जाते. म्हशींनी कोठे जायचे, हे त्याला कोणी सांगत नाही. दुकानदाराला माल हलवायला ट्रक हवा असतो आणि त्या दिवशी भाडे तिप्पट झालेले असते. एकाने मागे राहून घर राखायचे, हा निर्णय बहुतेक घरांत होतो, तो चोरीच्या धास्तीने. शिवाय पाणी 43 वर येऊन ओसरले, असेही अनेकदा घडलेले असते. उगाच बिऱ्हाड हलविल्याचा खर्च आणि शेजाऱ्यांचे हसणे एकदा सोसलेला माणूस दुसऱ्यांदा आणखी एक फूट वाट पाहतो. रस्ता बुडतो तो याच एका फुटात.

रस्ता बुडाला की पुढचा मार्ग होडीचा. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा अधिक माणसे घेऊन निघालेली बोट उलटली आणि गावाने आपली माणसे, त्यांत लहान मुलेही, डोळ्यांदेखत गमावली. पाणी त्याआधी कित्येक दिवस चढत होते. त्या अवधीत पायी चालत सुरक्षित जागी जाता आले असते, अशा माणसांवर बोटीसाठी धडपडण्याची पाळी आली, हे या दुर्घटनेतील सर्वांत बोचणारे सत्य आहे. त्याच दिवसांत शासनाचा एक जुना-नवा नियम चर्चेत आला. क्षेत्र दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले तरच मोफत धान्य, अशी ती अट होती. संथ पूर घराला दोन दिवस वेढतो, अन्न-पाणी तोडतो आणि मगच उंबरठ्यावर चढतो, याची कल्पना नसलेल्या टेबलावरच असे नियम लिहिले जातात.

त्यानंतर वडनेरे समिती नेमली गेली आणि 2020 मध्ये तिचा अहवालही आला. अलमट्टीचा वाद मात्र शमलेला नाही. धरणाची पातळी 519.60 मीटरवरून सुमारे 524 मीटरपर्यंत नेण्याच्या कर्नाटकाच्या मनसुब्यामुळे तो अधिकच तापला आहे. हा वाद महत्त्वाचा आहे, आणि तो न्यायालयात व दोन्ही राज्यांच्या बैठकांत लढला गेलाच पाहिजे. तीच गोष्ट नदीकाठच्या निळ्या आणि लाल रेषांची. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेल्या आहेत. प्रत्यक्षात 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत आले, आणि रेषेच्या आत प्लॉट पडत राहिले. परंतु येत्या पावसाळ्यात पाणी चढू लागेल तेव्हा गल्लीतल्या माणसाला ना लवादाचा निवाडा उपयोगी पडणार, ना नगररचनेचा नकाशा.

त्याला हवी आहे ती फार छोटी माहिती. आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे सांगलीत पोरासोरांनाही पाठ आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे 39 आणि 43 तसेच. पण हे आकडे पुलाचे आहेत, घराचे नव्हेत. कर्नाळ रस्त्याला राहणाऱ्याची वाट किती फुटांवर बंद होते, मारुती चौकातल्या दुकानात किती फुटांवर पाणी येते, याचे उत्तर जुन्या रहिवाशांजवळ आहे आणि पाटबंधारे खात्याच्या मोजणीतूनही ते निघू शकते. वाहत्या पाण्याला उतार असल्यामुळे हे गणित इंचाइंचाने जुळणार नाही, हे खरे. तरीही ‘पुलापाशी पाणी इतक्या फुटांवर गेले की ही गल्ली बुडते आणि त्याआधी दोन फुटांवर असताना हा रस्ता बंद होतो’ एवढे वाक्य प्रत्येक विजेच्या खांबावर आणि शाळेच्या भिंतीवर रंगविता येणार नाही, असे नाही. त्यासाठी जागतिक बँकेच्या कर्जाची वाट पाहावी लागू नये. गल्लीचा आकडा ठरला की जनावरांची छावणी कधी उघडायची, वैरण कधी आणून टाकायची, हेही त्याच आकड्याला बांधता येईल. आज ते सारे अधिकाऱ्याच्या अंदाजावर आणि पुढाऱ्याच्या दौऱ्यावर अवलंबून असते. 2021 च्या जुलैत अनेक गावांनी जनावरांसह वेळीच घरे सोडली ती 2019 चा घाव ताजा होता म्हणून.

घाव जुना झाल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे. सूर्यवंशी प्लॉटमधला जुना रहिवासी पुलावर एक नजर टाकून सामान बांधायला घेतो. त्याचा आकडा त्याच्या मनात पक्का असतो. त्याच्याच शेजारी गेल्या वैशाखात भाड्याने राहायला आलेला कारकून मोबाइलवर ‘धोका पातळी 45’ असे वाचतो, अजून दोन फूट बाकी आहेत असे म्हणत दिवा मालवतो, आणि त्याची मोरी मात्र त्याआधीच वाजू लागलेली असते.