शौलाचे दुखणे



रॅप म्हटले की आपल्या मंडळीत लगेच सैतानाचे नाव निघते. कपडे, शिव्या, नशा यांवर बोधपर भाषण होते आणि मुले मान खाली घालून ऐकतात. माझ्या मते ते भाषण अर्धेच आहे.

अमेरिकेतील डीएमएक्सचे पाहा. 1998 या एकाच वर्षी त्याचे दोन अल्बम पहिल्या क्रमांकावर गेले. अल्बमात तो प्रार्थनाही म्हणत असे. तरी नशेने त्याचा पिच्छा सोडला नाही. 9 एप्रिल 2021 रोजी, 50 व्या वर्षी तो गेला. आपल्या देशातला हनी सिंग ऐन भरात असताना दिसेनासा झाला. दारू आणि बायपोलर आजाराशी झगडत होतो, हे त्याने 2016 मध्ये स्वतःच सांगितले. आजार कीर्तीमुळे होतो असे मी म्हणत नाही. पण आजारी माणसालाही गर्दी विसावा देत नाही, तिला रोज नवे गाणे हवे असते.

पहिले शमुवेल, अध्याय 16 ते 18 वाचा. दाविदाच्या वीणेने शौलाला आराम पडत असे. मग स्त्रियांनी गाण्यात आकडे घातले. त्याला हजार, दाविदाला दहा हजार. त्या दिवसापासून शौलाची झोप उडाली आणि हातात भाला आला.

आता आपल्याकडे वळू. कॅरलचा व्हिडिओ टाकला की उपासना संपताच आपण किती जणांनी पाहिला तेच विचारतो. आमच्या तरुण संघाचे व्हिडिओ मीच टाकतो, म्हणून हा दोष आधी माझा. एका मुलाने मला विचारले, “दादा, माझं गाणं कमी लोकांनी पाहिलं, म्हणजे ते चांगलं नव्हतं का?” हा प्रश्न त्याला कुठल्या रॅपरने शिकवला नाही. आपण शिकवला.

याच हैदराबादचा रुहान अर्शद ‘मियाँ भाई’ या गाण्याने 2019 मध्ये घराघरांत पोहोचला. पुढे आपल्या धर्माचे कारण देऊन त्याने संगीत सोडत असल्याचे जाहीर केले. गाणे ही आपण देवाची देणगी मानतो, म्हणून त्याचा निष्कर्ष आपल्याला पटणार नाही. पण टाळ्यांपेक्षा देवाला काय वाटेल, हे आधी विचारायला तो शिकला. आपण तेवढे तरी शिकलो का?

लोक राजा करायला आले तेव्हा प्रभू एकटाच डोंगरावर निघून गेला, हे योहान सहाव्या अध्यायात सांगतो. तेव्हा येत्या रविवारी आकडे विचारू नका. गाऊन झालेल्या मुलाजवळ बसा आणि त्याला विचारा, “बाळा, जेवलास का? झोप लागते का?”

प्रभू आपल्याला तेवढे कान देवो. आमेन.