सागरतळाचा हिशेब

माळव्यात राहिलो वा गुजराथेत, आपणांपैकी पुष्कळांची कुलदैवते कोकण-गोव्यातच आहेत. तेव्हा तेथील किनारा खचल्याची वार्ता आपणांस परकी नाही. अशा वेळी जुना सागरी नकाशा आणि नवी मोजणी यांची वजाबाकी करून तळ किती खोल गेला हे सांगितले जाते. ही वजाबाकी वाटते तितकी निर्मळ नसते, एवढेच या खेपेस वाचकांस सांगावयाचे आहे.

पूर्वी दोरीस शिसाचा गोळा बांधून तो पाण्यात सोडीत आणि खोली वावांत मोजीत. दोन मोजण्यांमधला तळ अज्ञातच राही. शिवाय नकाशा खलाशासाठी असे. जहाज रुतू नये म्हणून त्यात उथळ आकडे निवडून छापीत. ही सावधगिरी योग्यच होय. परंतु आज ध्वनिलहरींनी सगळा तळ मोजून त्या नकाशाशी ताडला, तर वाळूचा कणही न हलता समुद्र खोल गेलेला दिसतो!

खोली ओहोटीच्या एका ठरावीक पातळीपासून मोजतात. दोन मोजण्यांच्या पातळ्यांत १० सेंटिमीटरांचा फरक राहिला, तर एका चौरस किलोमीटरवर १ लाख घनमीटर वाळू नाहीशी झाल्याचा आभास होतो. ऋतूचेही तसेच. पश्चिम किनाऱ्यावरील पुळणींची वाळू पावसाळी लाटा आत ओढतात. पुढे शांत ऋतूत ती बरीचशी परतते. एक मोजणी मे महिन्यातली व दुसरी सप्टेंबरातली असली, तर हा नित्याचा फेरा कायमची धूप ठरतो.

इलेक्ट्रॉनिक सागरी नकाशांत मोजणीचा दर्जा नोंदलेला असतो. १० मीटर खोलीस सर्वोत्तम दर्जात सुमारे ६० सेंटिमीटरांची चूक गृहीत धरतात. ‘सी’ दर्जात अडीच मीटरांची. मग एका मीटरच्या बदलाचे अनुमान ‘सी’ दर्जाच्या मोजणीवरून कसे काढावे?

याच अनुमानांवरून बंधारा कोठे घालावा, वाळूउपशास परवानगी द्यावी की नाही, हे ठरते. भासमान धूप धरली तर दगड व्यर्थ समुद्रात जातात. खरी धूप दडून राहिली तर गाव जाते. म्हणून ‘किती खोल?’ याबरोबरच ‘केव्हा, कशाने आणि कोणत्या पातळीपासून मोजले?’ हेही विचारले पाहिजे. वर्गात आम्ही मुलांकडून उत्तरापुढे एकक लिहून घेतो. सागराच्या हिशेबात त्यापुढे चुकीची मर्यादाही लिहिलेली असावी.