झोपलेली खाती आणि बेखबर वारस

तारवट्यांच्या आणि आखातात राबणाऱ्यांच्या गोमंतकात बँकेचे पासबुक कपाटात पडून राहणे नवे नाही. बचत खात्यावर खातेदाराने दोन वर्षे व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे उलटली की रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जाते. पैसा बुडत नाही, मूळ बँकेकडे तो कधीही मागता येतो. अडते ते खात्याची खबरच वारसांना नसल्यामुळे.

१ एप्रिल २०२४पासून अशा खात्यांवर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, खाते पुन्हा सुरू करण्यास शुल्कही नाही. खातेदार न सापडल्यास वारसांचा शोध घेणे हेही बँकेचेच काम आहे. पण वीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर धाडलेले पत्र कोणाच्या हाती पडणार?

ऑगस्ट २०२३मधील ‘उद्गम’ संकेतस्थळावर अनेक बँकांतील ठेवी एकत्र शोधता येतात. मात्र सगळ्याच बँका तेथे नाहीत. बहुतेक सहकारी बँकांसाठी थेट त्या-त्या बँकेकडेच शोध घ्यावा लागतो. शिवाय पोर्तुगीज वळणाच्या रोमन लेखनामुळे एकाच घरात आडनावाची दोन-तीन रूपे आढळतात. शोधताना ती सारी घालून पाहावीत, जुन्या कागदांवरचे रूप आधी.