विसरणाऱ्यांचा निवारा : निवड कोणाच्या हाती?

घरातील वृद्ध आईला किंवा वडिलांना बाहेरच्या निवासात ठेवावे काय, हा प्रश्न महाराष्ट्रात अजूनही घराण्याच्या अब्रूचा मानला जातो. त्यामुळे त्याची चर्चा माजघरात दबल्या आवाजात होते, निर्णय घाईने होतो आणि त्याची बोच घरातील स्त्रियांच्या मनात वर्षानुवर्षे राहते. स्मृतिभ्रंशाच्या रोगाचा वाढता प्रसार पाहता हा प्रश्न माजघरात कोंडून ठेवणे यापुढे परवडणारे नाही. देशभरातील वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढील लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लाख माणसे या रोगाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हा सुखवस्तू शहरवासीयांचा आजार आहे, असे मानणाऱ्यांनी ही आकडेवारी एकदा तरी नजरेखालून घालावी.

भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावाचा विचार केला म्हणजे या आकड्यांचा अर्थ उलगडतो. भाताच्या खाचरांवर साऱ्या घराचे वर्ष भागत नाही. म्हणून कर्ती पिढी पुण्यामुंबईची वाट धरते, नाहीतर शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जाते. घरात राहतात म्हातारी माणसे, एखादी सून आणि शाळकरी मुले. अशा घरात हा रोग चोरपावलांनी शिरतो. प्रथम दुधाचा हिशेब चुकतो, मग पेटवलेला गॅस तसाच राहतो, मग नातवंडांची नावे हरवतात. दिवेलागणीला आजी गाठोडे बांधून माहेरी निघते. ते माहेर कधीच उरलेले नसते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून गाव हसून सोडून देते, आणि मदत मिळू शकली असती ती पहिली दोन-तीन वर्षे वाया जातात.

निवासाचा शोध घेण्यापूर्वीची पहिली पायरी म्हणूनच वैद्यकीय तपासणी ही होय. थायरॉइडचा बिघाड, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, खोल नैराश्य, लघवीचा साधा जंतुसंसर्ग यांमुळेही वृद्ध माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागते आणि उपचारांनी पुष्कळदा सुधारते. रक्ताच्या तपासणीअभावी एखाद्या माणसाची रवानगी कायमची निवासात व्हावी, यासारखा अन्याय नाही. परंतु निदान पक्के झाले की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. हा रोग बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. तो वर्षानुवर्षे चालतो आणि शेवटी माणसाला जेवण, स्नान व शौच यांसाठीही दुसऱ्यावर अवलंबून ठेवतो.

येथे काही सज्जन एकत्र कुटुंबाची आठवण काढतात. पूर्वी हे सारे घरातच सांभाळले जात असे, असे ते सांगतात. सांभाळणारी कोण होती, हे मात्र सांगत नाहीत. ती सून होती, विधवा बहीण होती, लग्न न झालेली मुलगी होती. तिच्या रात्रीच्या जागरणाची मजुरी कोणी मोजली नाही आणि तिची पाठ मोडली तेव्हा तिच्यासाठी कोणी जागले नाही. घरी ठेवून नीट सांभाळ करणे ज्यांना शक्य आहे त्यांनी तो जरूर करावा. ओळखीच्या भिंती आणि ओळखीचा आवाज यांसारखा आधार रुग्णाला दुसरा नाही. पण एका स्त्रीचे आयुष्य गहाण टाकून तो आधार द्यावा, असा आग्रह समाजवादी विचाराला मुळीच शोभणारा नाही.

मग निवास निवडायचा तो कसा? जगाचा अनुभव या बाबतीत एक स्पष्ट गोष्ट सांगतो : निवास लहान असावा. जपानमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जी समूहघरे आहेत, त्यांच्या एका गटात पाच ते नऊच माणसे राहतात. नेदरलँड्समधील वेस्प येथे २००९ साली उभ्या राहिलेल्या होगेवेक वस्तीत सहा-सात जणांचे एकेक घर आहे. प्रत्येक घराला स्वतःचे स्वयंपाकघर आहे आणि वस्तीत दुकान व बागही आहेत. यामागचे तत्त्व साधे आहे. ज्याची स्मृती विरत चालली आहे, त्याला रोज पन्नास नवे चेहरे आणि दोन्ही बाजूंना सारख्याच खोल्या असलेला लांबलचक व्हरांडा भेडसावतो. त्याला तीच चार माणसे, तीच जेवणाची जागा आणि फोडणीचा तोच वास हवा असतो. जन्मभर तांदूळ निवडलेल्या हातांपुढे ताटात तांदूळ ठेवले, तर ते हात अजूनही ओळखीने चालतात. हे मोठ्या दालनात घडत नाही.

परंतु लहान म्हणजे चांगले, असा सोपा निष्कर्ष काढणेही धोक्याचे आहे. बंगल्याच्या चार खोल्यांत चालणाऱ्या निवासात बाहेरची नजर पोचत नाही, आणि रात्री दहा रुग्णांमागे एकच थकलेली बाई असू शकते. म्हणून निवड करणाऱ्याने बागेवर आणि रंगवलेल्या भिंतींवर भुलू नये. काही प्रश्न स्पष्टपणे विचारावेत. रात्री जागे कोण असते, आणि किती रुग्णांमागे? रुग्णाला बांधून ठेवले जाते काय? तो गप्प राहावा म्हणून झोपेची वा मनोविकाराची औषधे दिली जातात काय, दिली तर कोणत्या डॉक्टरच्या सल्ल्याने? मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच दिला आहे. नातेवाइकांना न कळवता कोणत्याही वेळी येता येते काय? ठरावीक वेळीच भेटा, असे सांगणाऱ्या निवासाबद्दल शंका घ्यावी. रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर त्याला ठेवून घेणार की घरी धाडणार, हे लेखी मिळते काय?

कायद्याचीही माहिती असावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. अशा रुग्णांना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करणाऱ्या संस्थांना या कायद्याने नोंदणीचे बंधन घातले आहे, आणि रुग्णाला बांधण्यावर कडक मर्यादा घातल्या आहेत. तेव्हा नोंदणीचा कागद पाहायला मागणे हा आगाऊपणा नव्हे, तो नागरिकाचा हक्क आहे.

आणखी एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही : तेथे काम करणाऱ्या सेविकांना पगार किती, सुट्टी किती, आणि त्या किती दिवस टिकतात? आजींचे अंग पुसणारी, त्यांना घास भरवणारी मावशी बहुधा स्वतःच कोणत्यातरी खेड्यातून पोट भरायला आलेली असते. तिला बारा तास राबवून तुटपुंजे वेतन देणारा निवास रुग्णाशी मायेने वागेल, ही अपेक्षा फोल आहे. दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर रुग्णाला ओळखीचा चेहरा कोठून मिळणार? सेविकेची स्थिती आणि रुग्णाची स्थिती या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

हे सर्व प्रश्न योग्य आहेत. पण ते विचारण्याची संधी कोणाला आहे? येथे खरा मुद्दा येतो. खाजगी निवास मुख्यतः पुण्यासारख्या शहरांच्या आसपास आहेत आणि त्यांचे शुल्क दरमहा अनेक हजारांत जाते. उत्रोलीच्या शेतमजूर म्हातारीला श्रावणबाळ योजनेतून मिळणारे निवृत्तिवेतन महिन्याला १,५०० रुपये आहे. सत्तर वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून केंद्र सरकारने आयुष्मान योजनेत पाच लाखांचे विमासंरक्षण दिले, त्याचा गाजावाजाही झाला. पण ते रुग्णालयात दाखल होण्यापुरते आहे. वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेचा एक दिवसही त्यात बसत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा मुलांकडून निर्वाह मागण्याचा हक्क देतो. परंतु मुलगाच कंत्राटी कामगार असेल तर तो निर्वाह येणार कोठून? ज्याच्यापाशी पैसा आहे तो निवडतो. ज्याच्यापाशी नाही त्याच्या घरात दाराला बाहेरून कडी लागते. याला निवड म्हणणे ही थट्टा आहे.

याच २००७ च्या कायद्यात निराधार वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारने उभारावा, अशी तरतूद आहे. तिची भाषा ‘उभारू शकेल’ अशी आहे, म्हणजे बंधन नाही. आणि ती पुरी झाली तरी जिल्ह्याच्या ठिकाणचे दीडशे खाटांचे दालन स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मानवणारे नाही. मागणी वेगळी केली पाहिजे. प्रत्येक तालुक्यात आठ-दहा जणांचे एक-दोन निवास असावेत. ते गावाजवळ असावेत, म्हणजे सुनेला बाजाराच्या दिवशी डोकावता येईल आणि सरपंचालाही अचानक जाता येईल. त्यांना सरकारी रुग्णालयाच्या डॉक्टरांची नियमित भेट बांधून द्यावी. स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन कायम वेतनावर नेमावे. दिवसापुरती सोय असावी, म्हणजे घरी सांभाळणाऱ्यांना मजुरीला जाता येईल. कारभार महिलांच्या सहकारी संस्थेकडे द्यावा आणि हिशेब ग्रामसभेपुढे मांडावा.

यासाठी पैसा नाही, असे उत्तर ठरलेले आहे. केरळ हे काही श्रीमंतीबद्दल प्रसिद्ध असलेले राज्य नव्हे. तरी तेथे २००८ साली दुःखशामक शुश्रूषेचे धोरण आले, आणि पंचायतींच्या जबाबदारीवर परिचारिका खिळलेल्या रुग्णांच्या घरोघर जाऊ लागल्या. जपानने २००० साली शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. त्याचा निम्मा भार करांतून आणि निम्मा चाळिशीपुढच्या नागरिकांच्या हप्त्यांतून उचलला जातो. वृद्धांची शुश्रूषा ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे एकदा मान्य झाले की मार्ग निघतात. महाराष्ट्राने सहकारातून साखर कारखाने उभे केले. दहा म्हाताऱ्यांचे एक घर त्याच्या ताकदीबाहेरचे खचितच नाही.

समाजवादी कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. मोर्चाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या गावात असे रुग्ण किती, त्यांना कोण सांभाळते, किती घरांना बाहेरून कडी लागते, याची पाहणी आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने एका महिन्यात होऊ शकते. तिचा अहवाल ग्रामसभेत ठेवावा, ठराव करून तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. ज्यांना हा रोग जडला आहे ते सभेला येणार नाहीत, मतदानाच्या दिवशी आपले नावही कदाचित सांगू शकणार नाहीत. त्यांच्या बाजूने इतरांनी उभे राहण्याची गरज म्हणूनच अधिक आहे.