दोऱ्याच्या आयुष्याचीही हमी हवी

शिवलेल्या वस्तूचे आयुष्य तिच्या कापडावरून मोजण्याची जी रीत व्यापारात रूढ झाली आहे, ती ग्राहकाच्या हिताची नाही. कारण कापड कितीही टिकाऊ असले, तरी त्याच्या पट्ट्यांना एकत्र धरणारा दोरा जीर्ण झाला की ती वस्तू निकामी होते, आणि हमीपत्रात मात्र कापडाच्या वर्षांचा ठसठशीत उल्लेख असून दोऱ्याविषयी बहुधा चकार शब्द नसतो. या उणिवेचे स्पष्ट उदाहरण अमेरिकेतील आरव्ही या चाकांवरच्या घरांच्या कापडी छतांत पाहावयास मिळते.

अशा घरांतून भटकण्याची हौस त्या देशात जुनी आहे. १९१९ साली फ्लॉरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ या नावाने अशा प्रवाशांचा संघ स्थापन झाला. पुढे इंडियाना राज्यातील एल्कहार्ट हे या गाड्यांच्या उत्पादनाचे मुख्य ठाणे बनले. आणि १९९० च्या सुमारास, गाडी उभी केल्यावर भिंतीतून बाहेर सरकणारी जादा खोली, म्हणजे स्लाइडआउट, मोटारघरांत बसू लागली. गाडीच्या बाजूला रुळावरून उलगडणारे ऑनिंग हे त्या घराचे अंगण असते. स्लाइडआउटच्या माथ्यावर ताणलेले आच्छादन पाणी, धूळ व पालापाचोळा अडवून खोलीच्या कडेच्या रबरी पट्ट्यांचे रक्षण करते. निवृत्त दांपत्ये हिवाळाभर ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटसारख्या वाळवंटी मुक्कामी राहतात, तेव्हा या दोन कापडांवर त्यांची सावली आणि कोरडेपणा अवलंबून असतो.

या कापडांची शिवण का उसवते, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. शिलाई यंत्राच्या टाक्यात वरचा दोरा व बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात, आणि त्यामुळे वरचा दोरा आपले सारे आयुष्य कापडाच्या पृष्ठावर, उघड्या उन्हात काढतो. पूर्वीच्या सुती कॅनव्हासमध्ये टाका पोतात थोडा रुतत असे, आणि पाऊस लागला की सुताचे तंतू फुगून सुईची भोकेही बऱ्याच अंशी बुजत. तंतूच्या गाभ्यातच रंग मिसळलेले सनब्रेलासारखे ॲक्रिलिक कापड १९६१ मध्ये बाजारात आले आणि रंग उडणे व कुजणे या दोन जुन्या व्याधींवर त्याने मोठा विजय मिळवला. परंतु त्याचा पृष्ठभाग घट्ट असल्यामुळे टाका वरच राहतो आणि भोकही आपोआप मिटत नाही. सूर्याचे अतिनील किरण दोऱ्यातील दीर्घ रेणूंच्या साखळ्या तोडत जातात, आणि दर हजार मीटर उंचीमागे या किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढत असल्यामुळे रॉकी पर्वतातील मुक्काम तर शिवणीस अधिकच जाचतो. त्यातही फसगत अशी की ऑनिंगखाली खुर्ची टाकून बसलेल्या मालकाला खालचा, सावलीतला दोरा तेवढा दिसतो आणि तो धडधाकट असतो. वरचा मात्र नखाने खरवडताच तुटावा, अशा अवस्थेस पोहोचलेला असतो. कापडाचा पन्हा सव्वा मीटरच्या आसपास असल्याने सहा मीटरच्या ऑनिंगला पाच-सहा पट्टे जोडावे लागतात, आणि त्यांच्या जोडांपैकी एक जरी उसवला, तरी वाऱ्याची पहिली झुळूक उरलेले काम करून टाकते.

यावर इलाज नाही असे नाही. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी शोधलेल्या पॉलिएस्टरचा दोरा नायलॉनपेक्षा उन्हात अधिक तग धरतो, आणि म्हणूनच आज तो या धंद्यात सर्वत्र वापरला जातो. त्याहून पुढचा पदार्थ म्हणजे पीटीएफई. रॉय प्लंकेट यांना तो १९३८ मध्ये गवसला. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी तो ताणून सच्छिद्र करण्याची रीत शोधली. आणि त्यापासून बनलेल्या दोऱ्याला सूर्यप्रकाश जवळजवळ इजा करीत नाही. उत्पादकांची बाजूही येथे नमूद करणे न्याय्य आहे: हा दोरा पॉलिएस्टरच्या कैक पटींनी महाग आहे, नवा असताना ताकदीने कमी आहे, आणि निसरडा असल्यामुळे यंत्राचा ताण नव्याने जुळवावा लागतो. तथापि कापड, रूळ, सांगाडा व मजुरी यांच्या एकूण खर्चापुढे शिवणीस लागणाऱ्या दोऱ्याची किंमत अल्पच असते, आणि त्या अल्प काटकसरीचा भुर्दंड पुढे मालकाच्या माथी बसतो. सांध्यांना उष्णतेने चिकटवलेली विनाइलची छते या तक्रारीतून वगळली पाहिजेत; प्रश्न शिवलेल्या छतांचा आहे.

मालकाचेही काही कर्तव्य आहेच. ऋतूच्या आरंभी शिडीवरून वरची बाजू पाहावी, नखाची परीक्षा घ्यावी, आणि एक जोड गळाठलेला आढळला तर बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे ध्यानात ठेवून सर्वांवर एकदम नवी टीप मारून घ्यावी. जुना दोरा उचकटण्याची गरज नसते. त्याच्या शेजारून चार ते सहा मिलिमीटर लांबीचे टाके घातले की पुरते, कारण टाके फार बारीक घेतले तर कापडास भोकांची रांग पडून ते त्याच रेषेवर फाटते. लहानशी उसवण जागच्या जागी आरीने व मेण लावलेल्या दोऱ्याने, जुन्याच भोकांतून, हाताने शिवता येते. मात्र छत उतरवावयाचे असल्यास रुळातील पिळलेली स्प्रिंग आधी पक्की अडकवून ठेवावी. ती अचानक सुटली तर हात जायबंदी होतो, आणि म्हणून हे काम जाणकारावर सोपविण्यात कमीपणा नाही. दुःख एवढेच की धडधाकट कापड केवळ शिवणीसाठी टाकून देऊन नवे विकत घ्यावे असा सल्ला दुकानांतून सर्रास मिळतो, आणि शिवण दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा धंदा त्या सल्ल्याने खचतो.

हा मामला आपल्यापासून फार दूरचा नाही. पुण्यात पेशवाईत डेरे, राहुट्या, कनाती व शामियाने यांच्या देखभालीसाठी फरासखाना नावाचे स्वतंत्र खाते होते. कापडी वस्तू उभारण्याइतकेच ती जतन करणे हेही कारभाराचे अंग आहे, ही जाणीव त्या व्यवस्थेत होती. आता महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आहे, आणि अशा गाड्या कोकणच्या पावसात व पठारावरच्या वैशाखी उन्हात उभ्या राहतील तेव्हा त्यांच्या छतांच्या शिवणीची कसोटी ॲरिझोनाइतकीच कठोर असेल. उन्हासह पावसाचाही जेथे इतका मारा, तेथे अमेरिकेची चूक पुन्हा करण्याचे आपणास कारण नाही.

म्हणून मागणी साधी आहे. उघड्यावर वापरावयाच्या प्रत्येक शिवलेल्या छताच्या हमीपत्रात दोरा कोणत्या पदार्थाचा आहे, तो किती जाडीचा आहे आणि किती वर्षांनी शिवण पुन्हा घालावी लागेल, या तीन गोष्टी छापील अक्षरांत असाव्यात. आणि शासनाने कॅराव्हॅन व्यवसायास परवाने देताना ही अट घालावी. ग्राहकाला दहा वर्षे टिकणारे कापड विकून त्याच्या हाती त्याआधीच उसवणारे छत ठेवणे हा व्यवहारातील खोटेपणा आहे, आणि तो थांबविण्यास नव्या शोधाची नव्हे, एका ओळीच्या नियमाची आवश्यकता आहे.